डाव्या चाकावरची तीन बोटं

हे खरं आहे. आधीच सांगून टाकते, कारण शेवटी तुम्ही विचारणारच.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. दिवे गेले नव्हते, कुत्रं रडत नव्हतं. जूनमधली संध्याकाळ होती. आमच्या कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यावर जूनमध्ये जेवणं उरकली तरी ऊन हटत नाही. सेंट ऍग्नेस गावाच्या वरच्या अंगाला पेट्रोकचं घर आहे. त्याच्या मागच्या अंगणात, लख्ख उजेडात, मी गाडीच्या चाकाशी उकिडवी बसले होते.

माझी बोटं चाकाच्या वरच्या फटीत होती…

आणि गाडी हलली नाही.

हलली नाही म्हणून घाबरले. हलली असती तर आज मी सुखाने झोपले असते.

पण असं मधूनच सांगून कळणार नाही. पहिल्यापासून सांगते.

माझं नाव टॅम्सिन. समुद्रावर सर्फिंगच्या फळ्यांचं दुकान आहे, तिथे मी काम करते. पेट्रोक लोकांच्या छपरांवर स्लेटच्या फरश्या बसवतो. सप्टेंबरमध्ये आमचं लग्न आहे. माझं पहिलं, त्याचं दुसरं. त्याची पहिली बायको केरेन्झा तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली.

आमच्या जुन्या भाषेत केरेन्झा म्हणजे प्रेम. आणि टॅम्सिन या नावाचा मुळातला अर्थ, जुळी. म्हणजे बघा. एकीच्या नावातच प्रेम, आणि दुसरीच्या नावातच दुसरेपण.

मला तिचा मत्सर वाटायचा. वाटायचा कसला, वाटतो. जिवंत सवतीशी भांडता तरी येतं. मेलेली सवत म्हातारी होत नाही, घोरत नाही, तिचा केक कधी करपत नाही. गावातली प्रत्येक बाई मला भेटली की मान तिरकी करून म्हणायची, "केरेन्झा फार गोड होती हं." 

तिचं सामान पेट्रोकने हळूहळू काढलं. कपडे गेले, बूट गेले, फोटो माळ्यावर गेले.

एकच गोष्ट राहिली.

कॅम्पर व्हॅन.

गोल तोंडाची, मागे इंजिन असलेली, आम्हा दोघांच्याही आधी जन्मलेली जुनी गाडी. वरून सायीसारखी, खालून मोहरीसारखी पिवळी. केरेन्झाने तिचं नाव ठेवलं होतं पिल्चर्ड. पिल्चर्ड म्हणजे आमच्याकडचा छोटा तेलकट मासा. गाडीला कोणी माशाचं नाव ठेवतं का? पण सगळं गाव कौतुकाने तेच म्हणायचं.

पेट्रोक चालवायचा. केरेन्झा त्याच्या डावीकडे, डॅशबोर्डवर अनवाणी पाय टाकून बसायची. हे मला कोणी ना कोणी दर आठवड्याला सांगायचं.

मी पहिल्यांदा त्या सीटवर बसले तेव्हा पेट्रोक पटकन म्हणाला, "जरा जपून हं, ती सीट…"

आणि त्याने चावी फिरवली.

त्या दिवशी मी ठरवलं. ही गाडी तिची राहता कामा नये. विकायला तो तयार झाला नसता. मग एकच उपाय होता. गाडीची उंची बदलली की चाल बदलते, रूप बदलतं, बसल्यावर रस्ताही वेगळा दिसतो.

"पेट्रोक, हिला खाली बसवूया का?"

"खाली म्हणजे?"

"लोअर करायची. पुढून मागून. आमच्या बाबांनी कितीतरी गाड्या केल्या होत्या. मी लहानपणापासून पाने हातात घेऊन उभी असायचे."

"केरेन्झाला उंचच आवडायची."

"माहीत आहे मला."

त्याला पाणी कुठे मुरतंय ते कळलं असणार. तरी म्हणाला, "बरं. कर."

आणि मी केली. वसंतातले सगळे रविवार त्या गाडीखाली पाठीवर पडून घालवले. पुढची चाकं ज्या आडव्या बीमवर असतात तो बदलून उंची कमीजास्त करता येणारा बीम टाकला. मागच्या स्प्रिंगचे दांडे दात सोडवून फिरवले. खाली आली तेव्हा काय दिसत होती म्हणून सांगू! जमिनीला चिकटून बसलेल्या मांजरासारखी. मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. मनात म्हटलं, घे आता, टाक पाय डॅशबोर्डवर.

रस्त्यावर काढली, आणि नाकी नऊ आले.

गाडी सरळ जाईना. वाऱ्याची झुळूक आली तरी रस्ता सोडायची. खड्डा लागला की स्टीअरिंगला हिसका बसायचा. खाली आलेल्या गाडीला जुने शॉकअप आता लांब पडत होते, ते खाली आपटून धाडधाड वाजायचे. आणि मी पुढे पेट्रोकच्या शेजारी बसले, की डाव्या बाजूने एक आवाज यायचा…

खर्र.

टायर वरच्या पत्र्याला घासायचं. फक्त डावं. फक्त मी बसले असताना.

मग डेन्झिलकाकांना बोलावलं. पेट्रोकचे काका. आयुष्यभर गॅरेज चालवलं, आता गुडघे गेलेत पण तोंड शाबूत आहे. चहा आणि केशराचा बन हातात घेऊन त्यांनी गाडीभोवती चक्कर मारली.

"एक बायको घरात, एक अंगणात," ते पेट्रोकला म्हणाले. "दोन बायका, फजिती ऐका!"

पेट्रोक हसला. मी नाही हसले.

"काका, दोष काय तो सांगा."

"सांगतो की, पोरी. पुढून फार खाली घेतलीस. त्यामुळे चाकाचा मागचा झोक गेला. सुपरमार्केटच्या ट्रॉलीचं चाक बघितलंस ना, कसं मागे फरफटत सरळ होतं? तोच झोक. तो असला की वळण संपल्यावर स्टीअरिंग आपसूक सरळ होतं. तुझ्या गाडीला आता घराची ओढच राहिली नाही."

"मग?"

"मग काय. बीमच्या खालच्या नळीमागे पाचर घालायची. झोक येतो परत."

पाचर घातली. आखूड शॉकअप टाकले. स्टीअरिंगचा दांडा बीमला अडत होता, तो सोडवून नीट बसवला. एकेक दोष कमी होत गेला. धाडधाड थांबली. हिसके थांबले. उजवीकडे वळलं आणि हात सैल सोडला, की स्टीअरिंग शहाण्या पोरासारखं सरळ व्हायचं.

डावीकडे वळलं, की नाही.

डावीकडे वळलं की ते तिथेच राहायचं. आमच्या गल्लीच्या टोकाला डावीकडचा रस्ता खाली खाडीकडे उतरतो. त्या खाडीच्या कड्यावरून पेट्रोकने केरेन्झाची राख वाऱ्यावर सोडली होती. तिथे वळल्यावर मी स्टीअरिंगवरची पकड ढिली केली…

आणि चाक परत फिरेना. गाडी आपली खालीच निघाली. जणू रोजची वाट.

मी ब्रेक दाबला. म्हटलं, पाचर एका बाजूला कमी पडली असेल.

डेन्झिलकाका म्हणाले, "नाही. गाडी डावीकडे जड आहे."

आता बोटांचं सांगते. गाडी खाली बसवणारे लोक उंची बोटांनी बघतात. टायर आणि वरच्या पत्र्याची कड, यांच्यामध्ये किती बोटं मावतात. मी ठेवली होती दोन. चारही चाकांना दोन. बाबांची सवय, रोज येता-जाता बोटं घालून बघायची.

उजवीकडे दोन होती.

डावीकडे… एक.

रिकामी गाडी. सपाट फरशी. सगळे बोल्ट घट्ट. बीमच्या दोन्ही बाजू सारख्याच खुणेवर. तरी डावीकडे एक.

"तुझी चूक सांगू?" डेन्झिलकाका म्हणाले. "तू रिकाम्या गाडीचं माप काढलंस. लोअर गाडीचं माप माणसं बसवून काढायचं असतं. जो बसणार, त्याच्या वजनाचं पोतं त्याच्या सीटवर ठेवायचं, मग चाकं सरळ करायची. जा, वाळू भरा. पेट्रोकचं उजवीकडे, तुझं डावीकडे. लग्नाआधी बाईला वजन विचारत नाहीत, माहीत आहे. पेट्रोकच्या कानात सांग."

भिंतीशी बांधकामाच्या वाळूचा ढीग होता. मी काही सांगायच्या आत पेट्रोकने डावीकडचं पोतं भरलं. भरायचा, हातात उचलून बघायचा, दोन मुठी काढायचा, परत उचलायचा. दोन्ही हातांवर आडवं घेऊन. मग थांबला.

"झालं," म्हणाला.

मी ते पोतं एका हाताने उचललं.

मी हाडापेराने रुंद बाई आहे. फळी काखेत मारून कडा चढते. ते पोतं माझ्या निम्म्या वजनाचंही नव्हतं.

"हे कोणाचं वजन आहे, पेट्रोक?"

तो वाळूकडे बघत होता. "शेवटी शेवटी मीच तिला उचलून गाडीत बसवायचो," तो म्हणाला. "हाताला तेवढंच माहीत आहे. चुकून झालं, टॅम."

चुकून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी कंबर त्याच्या हातांना दोन वर्षं माहीत होती. तरी वजन आठवलं ते तिचं.

"ठेवा तेच," मी म्हणाले. "बघू."

डेन्झिलकाकांनी पोतं डाव्या सीटवर ठेवलं. मी खाली वाकून फटीत बोट घातलं.

एक बोट. आधी होतं तेवढंच.

गाडी तसूभरही खाली गेली नाही.

"परत ठेवा," मी म्हणाले.

परत ठेवलं. काहीच नाही. डेन्झिलकाकांनी स्वतः गुडघे धरून खाली बसून बोट घातलं. त्यांचा बन तसाच फरशीवर पडला होता.

"वजन ठेवलं, आणि जात नाही," ते हळूच म्हणाले. "म्हणजे ते आधीच…"

मी दार उघडलं. पोतं ढकलून दिलं आणि त्या सीटवर दाणकन बसले.

सीटची स्प्रिंग वाजली… कुर्र.

मग क्षणभराने परत… कुर्र.

आणि गाडी डावीकडे अशी कलली की टायर थेट पत्र्याला टेकलं. खर्र. एका बाईने गाडी एवढी बसत नाही. डेन्झिलकाकांनी आयुष्यभर गाड्या पाहिल्या होत्या. या वेळी त्यांनी फजितीची म्हण काढली नाही.

मी उतरले. वर सीगल ओरडत होते.

"काका," पेट्रोक म्हणाला, "माप घ्या. तिचं धरून."

मी तिथेच उभी होते. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

डेन्झिलकाकांनी बीमची डावी बाजू वर घेतली. दोन बोटं झाली. चाकं सरळ केली. पेट्रोकने गाडी गल्लीत काढली आणि आम्ही निघालो. मी मागच्या बाकड्यावर, कारण पुढे बसले की टायर घासायचं. पाहुणीसारखी, मागे, गॅसच्या शेगडीशेजारी.

आणि गाडी काय चालली! लोण्यातून सुरी जावी तशी. डाव्या वळणावर पेट्रोकने हात सैल सोडला. स्टीअरिंग आपोआप सरळ झालं. तो मोठ्याने हसला. त्याला तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मग त्याने डावा हात सहज उचलला, आणि शेजारच्या रिकाम्या सीटच्या पाठीवर ठेवला.

म्हणजे बघा. पाचर मी बीममध्ये घातली. तिने ती आमच्या दोघांत मारली.

घरी आल्यावर मी विचारलं, "लग्नाला मी कुठे बसू? मागे?"

"टॅम, गाडी नीट झाली ना?"

"मी विचारते त्याचं उत्तर दे. ती की मी?"

"ती नाहीये, टॅम," तो म्हणाला. पण ते त्याने माझ्याकडे बघून सांगितलं नाही. खिडकीतून अंगणाकडे बघून सांगितलं.

आता त्या संध्याकाळचं.

पेट्रोक एका छपरावर कामाला गेला होता, उशिरा येणार होता. मी पाना घेतला, डाव्या सीटचे बोल्ट सोडवले, आणि सीटच उपटून काढली. कुरकुरली ती. मी फरफटत नेऊन डेन्झिलकाकांच्या कोठारात ताडपत्रीखाली टाकली. दुसऱ्या दिवशी नवी सीट आणणार होते. माझी. मला त्याचा पश्चात्ताप वाटला नाही. गंमत वाटली. घरात शिरलेल्या बाईची खुर्ची काढून घ्यावी आणि तिने उभं राहावं, तशी.

परत येऊन डाव्या चाकावर बोटं घातली.

तीन.

तीन बोटं! डावी बाजू उचलली गेली होती. नुसत्या सीटने एवढा फरक पडत नाही. गेली होती ती. मी अंगणात एकटीच नाचले. आत जाऊन चहा ठेवला, पेट्रोकला आवडतात म्हणून पेस्टी, आमच्याकडच्या मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, गरम करायला टाकल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या घरात मला मोकळा श्वास आला. हो, दोनच वर्षं झाली होती मला तिथे येऊन. पण तिचंही एक धरून मोजलं मी.

पेट्रोक आला. अंगण अजून उन्हात होतं. त्याने गाडीचं दार उघडलं, रिकाम्या जागेकडे पाहिलं. मला वाटलं, आता चिडेल. मी भांडायच्या तयारीतच होते.

तो चिडला नाही. त्याने नुसतं विचारलं. घरी आलेल्या पाहुण्याबद्दल विचारावं तसं.

"मग आता ती कुठे बसेल?"

"कुठेही बसू दे," मी म्हणाले. "तुझ्या शेजारी नाही."

त्याने नुसती मान डोलावली. मग हसला. तेच, गाडीतलं हसू.

"बरं," म्हणाला.

आणि उजवीकडून चढून, आपल्या सीटवर बसला.

मी सवयीने उजव्या चाकाशी उकिडवी बसले. बोटं फटीत. उजवीकडे दोन होती. पेट्रोक चांगला उंचापुरा गडी आहे. तो बसला की एक व्हायला हवं. बोटांवर पत्रा दाबला जायला हवा…

दार बंद झाल्याचा आवाज आला.

पत्रा खाली आला नाही.

स्प्रिंगचा आवाज नाही. काहीच नाही. दोन बोटं. मी वर बघितलं. तो आत बसलेला होता. दोन्ही हात स्टीअरिंगवर, उन्हात डोळे बारीक केलेले. माझा पेट्रोक.

"उतर," मी म्हणाले.

उतरला. गाडी वर आली नाही.

"परत बस."

बसला. दोन बोटं.

"काय झालं गं, टॅम?" तो म्हणाला. "हात पांढरा पडलाय तुझा."

तेव्हापासून तो जेवतो, कामाला जातो, माझ्याशी छान बोलतो. पूर्वीपेक्षा जास्तच छान. पण स्वयंपाकघरातली त्याची खुर्ची वाजत नाही. जिन्याची तिसरी पायरी माझ्या पायाखाली करकरते, त्याच्या पायाखाली नाही. आणि रात्री तो माझ्या शेजारी येऊन झोपतो, तेव्हा गादी त्याच्या बाजूला खाली जात नाही. मी डोळे मिटून वाट बघते. जातच नाही.

डेन्झिलकाकांना सांगितलं. ते म्हणाले, "पोरी, स्प्रिंग जुन्या झाल्या की अशा अडकतात." पण त्यांनी पेट्रोकशी हात मिळवला तेव्हा मी बघत होते. त्यांनी हात पटकन सोडला. आणि मग बराच वेळ स्वतःच्या तळव्याकडे बघत बसले.

नवी सीट मी आणली नाही.

पुढच्याच दिवशी कोठारात गेले. ताडपत्री ओढली. तीच जुनी सीट पाठीवर मारून आणली, आणि माझ्या हातांनी, मी, टॅम्सिनने, तिचे चारही बोल्ट परत आवळले. वर स्वच्छ पुसली. डॅशबोर्डसुद्धा पुसला, पाय टाकायला.

"बस बाई," मी म्हणाले. "तुझीच जागा आहे. मी मागे बसेन. लग्नालाही मागेच बसेन. तो तुला उचलायचा ना, तसंच तू त्याला उचलून धरलंयस. फक्त त्याला खाली उतरू दे."

रोज संध्याकाळी, ऊन असेपर्यंत, मी डाव्या चाकाशी जाऊन बसते. आत खिडकीत पेट्रोक शीळ घालत भांडी पुसत असतो. मी फटीत बोटं घालते आणि पत्रा खाली यायची वाट बघते.

आजही बघून आले.

तीन बोटं आहेत.